दडी मारणारी तोफ

समजा, साल आहे १९०५ आणि तुम्ही एका लढाऊ जहाजाचे कप्तान आहात. तुम्हाला अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सॅन फ्रान्सिस्को बंदरात घुसायचं आहे. तुम्ही दुर्बीण डोळ्याला लावता. समोर वाळूचा किनारा दिसतो, त्यामागे टेकडीचा उतार, त्यावर गवत आणि झुडपं. ना तट, ना बुरूज, ना पहारेकरी. तुम्ही खूश होता आणि जहाज पुढे हाकायला सांगता.

तेवढ्यात त्या उतारावरून एक लांबलचक नळी वर येते. धडाम! गोळा सुटतो. आवाज कुठून आला म्हणून दुर्बीण तिकडे वळवता, तर तिथे पुन्हा फक्त गवत. नळी गायब! तुम्ही उलटा मारा करणार कुठे? गवतावर? अर्ध्या मिनिटाने नळी पुन्हा वर येते. आणखी एक गोळा. पुन्हा गायब.

असा हल्ला त्या बंदरावर कधी झाला नाही. ही तोफ मात्र खरी आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या बेकर बीच या किनाऱ्यावर १९०४ साली अशा चार तोफा बसवल्या होत्या. एकत्र काम करणाऱ्या तोफांच्या अशा गटाला आणि त्यांच्या ठाण्याला ‘बॅटरी’ म्हणतात. या ठाण्याचं नाव बॅटरी चेंबरलिन. आणि तिथल्या तोफांना लोक म्हणत ‘गायब होणाऱ्या तोफा’.

टनावारी वजनाची तोफ पापणी लवते न लवते तोच खाली कशी जाते? ना वाफेचं इंजिन, ना विजेची मोटर. मग तिला खाली ढकलतं कोण? उत्तर ऐकलंत तर चकित व्हाल. तिने उडवलेला गोळाच तिला खाली ढकलतो!

सोन्याच्या गावाचा दरवाजा

आधी हे बंदर पाहू. सॅन फ्रान्सिस्कोचा उपसागर चांगला ऐसपैस आहे, पण समुद्रातून आत यायला वाट एकच. ‘गोल्डन गेट’ नावाची ही खाडी सर्वांत चिंचोळ्या जागी जेमतेम दीड-पावणेदोन किलोमीटर रुंद आहे. १८४८ साली कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि जगभरातून माणसांची रीघ लागली. हजारभर वस्तीचं गाव पाहता पाहता मोठं शहर झालं. सोनं, जहाजं, गोदामं, माणसं, सगळं त्या एका दरवाजाच्या आत. मग दरवाजावर पहारा नको?

म्हणून १८५३ ते १८६१ या काळात खाडीच्या तोंडाशी फोर्ट पॉइंट नावाचा किल्ला बांधला. त्याला सुमारे ८० लाख विटा लागल्या. भिंती सरासरी सात फूट जाड, आणि भिंतींच्या कमानींमधून तोफांची तोंडं बाहेर डोकावणारी. अशी भिंत कोण फोडणार, असंच सगळ्यांना वाटत होतं.

पण त्याच सुमारास तोफा बदलत होत्या. जुन्या तोफेची नळी आतून गुळगुळीत असे आणि तिच्यातून गोल गोळा सुटे. नव्या तोफेच्या नळीत आतून मळसूत्रासारख्या वळत जाणाऱ्या खाचा पाडल्या. त्या खाचांमुळे लांबट, टोकदार गोळा स्वतःभोवती गरगर फिरत बाहेर पडतो. फिरणारा गोळा हवेत कोलांट्या खात नाही, टोक पुढे ठेवून सरळ जातो. त्यामुळे तो लांब जातो आणि जोरात आदळतो.

एप्रिल १८६२ मध्ये, अमेरिकेच्या यादवी युद्धात, पूर्व किनाऱ्यावरच्या फोर्ट पुलास्की या विटांच्या किल्ल्यावर अशा खाचांच्या तोफांनी मारा झाला. त्याच्या भिंती फोर्ट पॉइंटपेक्षाही थोड्या जाड होत्या. तीस तासांत भिंतीला खिंडार पडलं आणि किल्ला शरण आला. त्या दिवसापासून विटांच्या उंच किल्ल्यांचे दिवस भरले. उंच भिंत म्हणजे शत्रूला आयतं निशाण! फोर्ट पॉइंटने शत्रूवर एकही गोळा झाडला नाही, पण तो आजही उभा आहे. १९३०च्या दशकात गोल्डन गेटचा प्रसिद्ध झुलता पूल बांधताना जोसेफ स्ट्राउस या मुख्य अभियंत्याने किल्ला पाडायचं टाळलं आणि त्याच्या डोक्यावरून जाणारी पोलादी कमान मुद्दाम आखून घेतली.

उंच भिंत नको, तर मग तोफ लपवायची कुठे? जमिनीत. पण जमिनीत लपलेली तोफ गोळा उडवणार कशी? त्यासाठी नळी वर यायलाच हवी. वर आली की शत्रूला दिसणार, आणि दिसली की तिच्यावर आणि तिच्या गोलंदाजांवर मारा होणार. मोठा पेच होता.

सेव्हास्तोपोलला सुचलेली कल्पना

हा पेच अलेक्झांडर मॉन्क्रिफ नावाच्या स्कॉटिश अधिकाऱ्याला आधीपासून छळत होता. १८५५ साली क्रिमियाच्या युद्धात सेव्हास्तोपोल शहराला वेढा पडला होता. तोफांसाठी तटाला ठेवलेल्या फटींमधून शत्रूचे गोळे आत येताना त्याने पाहिले. तोफ ज्या फटीतून मारा करते, त्याच फटीतून मरणही आत येतं. तेव्हा त्याच्या मनात आलं, तोफ फक्त गोळा सोडण्यापुरती वर आली आणि लगेच खाली गेली, तर फट ठेवायची गरजच नाही!

पण एवढं धूड वर-खाली करायचं कशाच्या जोरावर? इथे मॉन्क्रिफच्या बुद्धीची खरी चमक दिसते. त्याने जोर शोधला तो तोफेच्याच धक्क्यात.

तुम्ही चाकांच्या खुर्चीवर बसून भिंतीला पायाने रेटा दिलात तर खुर्ची मागे जाते ना? न्यूटनचा तिसरा नियम सांगतो की प्रत्येक बलाला तेवढंच उलट दिशेचं बल असतं. गोळा पुढे जातो, तेव्हा तोफ मागे ढकलली जाते. हा धक्का म्हणजे गोलंदाजांची जुनी डोकेदुखी. अलिबागजवळच्या खांदेरी किल्ल्यावर चाकांच्या गाड्यावर बसवलेली एक जुनी तोफ आजही पाहायला मिळते. गोळा सुटला की तोफ गाड्यासकट मागे सरकावी, म्हणून ती चाकं. त्यानंतर माणसांनी ती रेटत पुन्हा जागेवर आणायची. प्रत्येक गोळ्याला पुन्हा तेच. घाम गळायचा आणि धक्का वाया जायचा.

आता बॅटरी चेंबरलिनच्या तोफेचा ढोबळ हिशेब करू. गोळ्याचं वजन सुमारे ४८ किलो. तो सेकंदाला सुमारे ८०० मीटर वेगाने सुटतो, म्हणजे आवाजाच्या दुपटीहून जास्त वेगाने. नुसत्या नळीचं वजन नऊ टनांच्या वर, म्हणजे गोळ्याच्या जवळजवळ २०० पट. वस्तू २०० पट जड असेल तर वेग २०० पट कमी. ८०० भागिले २०० बरोबर ४. म्हणजे ती अजस्र नळी सेकंदाला निदान चार मीटर वेगाने मागे येणार. एवढ्या वजनाची वस्तू या वेगाने येत असेल तर तिच्यात केवढी ऊर्जा असेल! मॉन्क्रिफने ठरवलं, ही ऊर्जा वाया घालवायची नाही, साठवून ठेवायची.

धक्का साठवायचा कसा?

बागेतला सी-सॉ आठवा. एका टोकाला तुम्ही, दुसऱ्या टोकाला तुमचा मित्र. तुम्ही खाली गेलात की मित्र वर जातो. गायब होणाऱ्या तोफेत नेमकं हेच घडतं. दोन भक्कम पोलादी बाहूंच्या वरच्या टोकांवर तोफेची नळी बसवलेली असते. खालच्या टोकांना एक प्रचंड वजन टांगलेलं असतं आणि ते जमिनीतल्या खड्ड्यात वर-खाली सरकू शकतं. हे वजन नळीपेक्षा भारी असतं, त्यामुळे ते मोकळं सोडलं की खाली जातं आणि नळी वर येते.

गोळा सुटला की धक्क्याने नळी मागे आणि खाली येते, आणि खड्ड्यातलं वजन वर उचललं जातं. वजन वर गेलं की एक खटका त्याला तिथेच अडकवून ठेवतो. म्हणजे धक्क्याची ऊर्जा आता उंचीच्या रूपात साठली! पुढच्या गोळ्याच्या वेळी खटका सोडायचा. वजन खाली, नळी वर. पुन्हा धडाम, पुन्हा नळी खाली, वजन वर. प्रत्येक गोळा पुढच्या गोळ्याची तयारी करून जातो.

धक्क्याची सगळी ऊर्जा वजन उचलण्यात संपत नाही. उरलेली तशीच राहिली तर नळी खाली धाडकन आदळेल. म्हणून तिथे तेलाने भरलेली नळकांडी असतात. नळी मागे येताना त्यातलं तेल अरुंद वाटेने पिळून निघतं आणि नळीचा वेग अलगद कमी होतो. ती उरलेली ऊर्जा तेल गरम करण्यात खर्च होते.

मॉन्क्रिफच्या कल्पनेत पुढे अनेकांनी सुधारणा केल्या. अमेरिकेत ॲडेलबर्ट बफिंग्टन आणि विल्यम क्रोझियर या दोन सैनिकी अधिकाऱ्यांनी अशा तोफेसाठी आपला गाडा तयार केला. १८८५ साली किनाऱ्यांचं रक्षण कसं करावं हे ठरवण्यासाठी अमेरिकेत युद्धमंत्री विल्यम एंडिकॉट यांच्या अध्यक्षतेखाली एक मंडळ नेमलं गेलं. त्याच्या शिफारशींनंतर देशभरच्या बंदरांवर काँक्रीटची नवी ठाणी उभी राहू लागली. बॅटरी चेंबरलिन त्यातलंच एक.

चला, तोफेजवळ जाऊ

आता आपण काँक्रीटच्या भिंतीआड उभे आहोत. भिंतीपलीकडे मातीचा जाड उतार आणि त्यावर गवत. जहाजावरून दिसत होतं ते हेच गवत! गोळा आला तर तो आधी या मातीत रुतेल. आपल्यासमोर तोफ खाली बसली आहे, तिची नळी आपल्या हाताला लागेल एवढ्या उंचीवर. गोळा भरणाऱ्यांना इथून समुद्र दिसत नाही. दिसतं ते फक्त काँक्रीट आणि आभाळ.

एक गोलंदाज नळीच्या मागचा जाडजूड पोलादी दरवाजा उघडतो. या दरवाजाला स्क्रूसारखे आटे असतात, पण मधले मधले पट्टे कापून टाकलेले. त्यामुळे दहा-बारा फेरे द्यावे लागत नाहीत, थोडंसं फिरवलं की तो पक्का बसतो किंवा सुटतो. ढकलगाडीवरून गोळा येतो. तिघे-चौघे मिळून लांब दांड्याने तो नळीत खोल ठासतात. त्यामागे दारूची पिशवी. ही पिशवी रेशमाची असते बरं का! रेशीम पूर्ण जळून जातं. धुमसणारा तुकडा नळीत मागे राहिला आणि त्यावर पुढची दारूची पिशवी आली, तर अनर्थच. म्हणून प्रत्येक गोळ्यानंतर ओल्या बोळ्याने नळी पुसायची शिस्तही असे.

दरवाजा बंद. सगळे मागे. खटका सुटतो, वजन खड्ड्यात उतरतं आणि नळी भिंतीवरून वर जाते. हुकूम मिळतो. गोळा सुटतो, आणि नळी आपल्यासमोर पुन्हा खाली येऊन बसते. दरवाजा उघडायला माणूस तयारच असतो. सरावलेली तुकडी मिनिटाला दोन गोळे सहज सोडू शकत असे.

आणि नुसत्या सरावासाठी, गोळा न उडवता नळी वर आणली तर? मग धक्का कुठला मिळायला! तेव्हा माणसांनी दांडे फिरवून ती हातानेच खाली आणायची. एका गोळ्याचा धक्का किती काम करत होता, ते तेव्हा त्यांच्या खांद्यांना कळत असेल.

जहाज तिथे थांबून राहत नाही!

आता दुसरं कोडं. जहाज दहा किलोमीटर दूर आहे. ते अंतर मोजणार कसं? समुद्रात टेप टाकता येत नाही!

त्यासाठी किनाऱ्यावर, एकमेकांपासून बऱ्याच दूर, दोन छोट्या खोल्या बांधत. दोन्हींत एकेक दुर्बीण. दोन खोल्यांमधलं अंतर आधीच अगदी काटेकोर मोजून ठेवलेलं असे. त्याला म्हणायचं आधाररेषा. दोन्ही निरीक्षक एकाच जहाजावर दुर्बीण रोखत आणि आपापला कोन वाचत. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन टोकांचे कोन कळले की पूर्ण त्रिकोण काढता येतो. भूमितीत तुम्ही हेच करता की! त्रिकोणाचं तिसरं टोक म्हणजे जहाज.

पण दोघांनी कोन एकाच क्षणी वाचले नाहीत तर? जहाज तोवर पुढे सरकणार आणि त्रिकोण चुकणार. म्हणून ठरावीक सेकंदांनी सगळीकडे एकदम घंटा वाजे. घंटा वाजली की कोन वाचायचा आणि टेलिफोनवर सांगायचा. दुसऱ्या एका खोलीत मोठ्या फळ्यावर समुद्राचा नकाशा असे. तिथली माणसं टेलिफोनवर कोन ऐकून नकाशावर ठिपका देत. पुढची घंटा, पुढचा ठिपका. ठिपक्यांमागून ठिपके पडले की जहाजाची वाट उमटे.

आता गंमत बघा. गोळ्याला दहा किलोमीटर जायला जवळजवळ अर्धं मिनिट लागतं. जहाज ताशी ३६ किलोमीटर वेगाने जात असेल, तर सेकंदाला १० मीटर, म्हणजे अर्ध्या मिनिटात ३०० मीटर! आत्ता जहाज दिसतंय तिथे नेम धरला तर गोळा पाण्यातच पडणार. म्हणून ठिपक्यांची रेघ पुढे वाढवून जहाज अर्ध्या मिनिटाने कुठे असेल ते काढायचं, आणि नेम त्या रिकाम्या पाण्यावर धरायचा.

शिवाय वारा कुठून वाहतो, हवा विरळ आहे की दाट, दारू किती गरम आहे, नळी किती झिजली आहे, या सगळ्यांचा हिशेब. भरती-ओहोटीसुद्धा! कारण पाणी चढलं-उतरलं की तोफेची पाण्यापासूनची उंची बदलते. संगणक नव्हता. पट्ट्या, तक्ते, पेन्सिली आणि घंटेच्या तालावर काम करणारी माणसं हाच त्यांचा संगणक.

मग या तोफा गेल्या कुठे?

समुद्रावरून न दिसणारी तोफ आभाळातून मात्र दिसते. वरून उघडा असलेला तिचा खड्डा विमानातल्या माणसापासून लपत नाही. दुसरी अडचण नळी किती वर वळते याची. गोळा लांब फेकायचा तर नळीचं तोंड चांगलं उंच हवं. या गाड्यावर ते फार उंचावता येत नव्हतं. त्यामुळे तिचा पल्ला बारा-तेरा किलोमीटरच्या आसपासच राहिला, आणि नव्या लढाऊ जहाजांच्या तोफा त्याहून लांबून मारा करू लागल्या.

१९१७ साली, पहिल्या महायुद्धाच्या वेळी, बॅटरी चेंबरलिनच्या चारही तोफा काढून नेल्या. १९२० मध्ये तिथे साध्या बैठकीच्या दोन तोफा आल्या. दुसऱ्या महायुद्धात त्या जाळ्यांखाली झाकून ठेवल्या होत्या. तोवर खाडीच्या पलीकडच्या टेकड्यांमध्ये बॅटरी टाउन्सली उभी राहिली होती. तिच्या तोफांच्या नळीचं तोंड १६ इंच रुंद, गोळा जवळजवळ एका टनाचा आणि पल्ला सुमारे ४० किलोमीटर! त्या तोफांवर काँक्रीटचं जाड छतही होतं. त्यानंतर क्षेपणास्त्रांचं युग आलं, आणि १९५० साली अमेरिकेने किनारी तोफखान्याचं वेगळं दलच बंद केलं.

१९७७ साली मात्र बॅटरी चेंबरलिनमध्ये पूर्वीसारखीच गायब होणारी एक तोफ आणून बसवली. गाड्यासकट तिचं वजन सुमारे ५० टन. ती कशी चढते-उतरते याचं प्रात्यक्षिक तिथले स्वयंसेवक आणि कर्मचारी मुलांना करून दाखवत आले आहेत.

सॅन फ्रान्सिस्को लांब आहे, पण घारापुरी जवळ आहे. लेणी पाहायला गेलात की तिथूनच टेकडीवर चढा. वर लांब नळीच्या दोन तोफा आहेत, मुंबई बंदराच्या रक्षणासाठी बसवलेल्या. त्या गायब होणाऱ्या नाहीत. पण नळीचं तोंड कुठल्या पाण्याकडे आहे, तोफ कशावर बसली आहे, तिचा धक्का कुठे जात असेल, हे प्रश्न घेऊन त्यांच्याभोवती फिरा. नुसता फोटो काढून आलात तर अर्धी मजा हुकेल.

मॉन्क्रिफची युक्ती संपली का? मुळीच नाही. मुंबईच्या आजच्या लोकल गाड्या ब्रेक लावताना पळत्या गाडीच्या ऊर्जेतून वीज तयार करतात आणि वरच्या तारेत परत पाठवतात. विजेवरच्या मोटारी तीच ऊर्जा बॅटरीत भरतात. त्रास देणारी, वाया जाणारी ऊर्जा पकडायची, साठवायची आणि पुढच्या कामाला लावायची. तोफांचं युग सरलं, पण ही कल्पना माणसाला फार उपयोगी पडते आहे.

करून पाहा

मैदानापलीकडचं एखादं झाड निवडा. त्याच्याकडे न जाता त्याचं अंतर काढायचं आहे.

लागेल काय? टेप, मोजपट्टी, वही, पेन्सिल, दोन कोनमापक, दोन स्ट्रॉ, एक मित्र किंवा मैत्रीण.

१. जमिनीवर १० मीटरची सरळ रेघ आखा. ही तुमची आधाररेषा.

२. दोन्ही टोकांना एकेकाने कोनमापक आडवा धरून उभं राहा. कोनमापकाची सपाट कड आधाररेषेला समांतर हवी. स्ट्रॉमधून झाडाचा बुंधा पाहा आणि कोन वाचा.

३. वहीत १ सेंटिमीटर म्हणजे १ मीटर असं प्रमाण घेऊन १० सेंटिमीटरची रेघ काढा. दोन्ही टोकांना आपापले कोन काढा. रेघा जिथे मिळतील तिथे झाड. समजा कोन ७० आणि ७५ अंश आले, तर ७० अंशांच्या टोकापासून झाड सुमारे १६.८ मीटरवर असेल.

४. आता टेपने खरं अंतर मोजून पडताळा.

५. हाच प्रयोग फक्त २ मीटरच्या आधाररेषेने करा. या वेळी एक कोन मुद्दाम एका अंशाने चुकवा आणि उत्तर किती बिघडतं ते बघा. मग १० मीटरच्या रेषेवरही तीच चूक करून दोन्ही उत्तरं शेजारी लिहा.

छोट्या रेषेवर एका अंशाची चूक झाड दोन-तीन मीटर इकडेतिकडे हलवते. मोठ्या रेषेवर ते जेमतेम अर्धा मीटर हलतं. किनाऱ्यावरच्या त्या दोन खोल्या एकमेकींपासून इतक्या लांब का बांधत असतील, ते आता तुम्हीच तुमच्या वर्गाला समजावून सांगा.